देवीपुढची कळशी

हे मी नवऱ्याला सांगितलं नाही. शेवटचे दिवस तो शुद्धीत होता, माझा हात धरून पडलेला असायचा — तेव्हाही नाही. लेकीला नाही. देवळात गाऱ्हाणं घालतात तेव्हा मनातल्या मनात काय हवं ते बोलता येतं, कुणाला ऐकू जात नाही. तिथंही एवढं सोडून बाकी सगळं बोलले. तुम्हांला सांगते. तुम्ही मला ओळखत नाही म्हणून सोपं जातंय का? तसंच असेल.

माझं शिक्षण मराठी चौथी. घुमवून फिरवून लिहायला येत नाही. तरी सरळ मुद्द्यावरही येता येत नाही असं दिसतं. आधी जागा सांगते.

आमचा वाडा डिचोलीच्या बाजूचा, पाळीच्या रस्त्यावरून आत गेलं की लागतो. चार-पाच घरांची वस्ती, मागं सुपारीच्या बागा, म्हणजे कुळागरं, वर सडा, म्हणजे खडकाळ माळ. सड्यावर खाण होती. ती चालू होती तेव्हा नवऱ्याचा ट्रक होता, घरात पैसा होता, आणि भिंतींवर, पानांवर, भातावर लाल धूळ होती. खाण बंद झाली. धूळ गेली, पैसा गेला, ट्रक दारात उभा राहिला आणि त्याच्या चाकांत गवत उगवलं. नवरा रोज सकाळी जाऊन त्या ट्रकला हात लावून यायचा.

त्याच सड्यावर एक कारखाना होता. कसली रसायनं करायचा ते आम्हांला कधी कळलं नाही. तोही बंद पडला, मालक निघून गेला. मग बऱ्याच काळानं उघडकीला आलं की कारखान्याची घाण पिंपांत भरून खाणीच्या एका जुन्या खड्ड्यात पुरून ठेवलीय. वरून माती लोटलेली. खड्ड्याच्या खाली उतार, उताराच्या खाली आम्ही.

मग साफसफाई आली. एका कंपनीला काम दिलं. पिंपं उकरायची, माती उचलायची, बंद गाड्यांत घालून कुठं तरी लांब न्यायची. कामगार आले, बरेचसे कोल्हापूर-बेळगावकडचे. त्यांना जेवण हवं होतं. मी पडवीत खानावळ घातली. शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे मासळीची आमटी, एखादी भाजी. मासळी न खाणाऱ्यांना डाळ. सकाळी पाववाला पोदेर टोपली उतरवून जायचा. घर परत चालायला लागलं. ट्रक विकला तेव्हा नवरा रडला नाही, कारण तोवर घरात रोजची चूल पेटत होती. हे मी मुद्दाम सांगते. पुढं जे झालं त्याला हे कारण आहे. माफीसाठी नाही सांगत, नुसतं कारण आहे म्हणून.

सुरुवातीला या कामावर नजर ठेवायला सरकारचा साहेब यायचा. तुसडा माणूस. कधी येणार ते सांगायचा नाही. जीप वरच थांबवून पायात गमबूट घालून चालत उतरायचा. सड्यावर भोकं पाडून नळ्या पुरल्या होत्या, त्यांतलं पाणी घ्यायचा, आणि मग आमच्या अंगणातल्या विहिरीचं घ्यायचा. विहिरीला आम्ही बांय म्हणतो. ती बांय माझ्या सासऱ्यांनी खणलेली, पण पाणी सगळा वाडा न्यायचा. साहेब आपल्या हातानं दोर सोडायचा, आपल्या हातानं बाटल्या भरायचा, तोंडाला लाखेसारखं काही तरी लावायचा. एकदा मी म्हटलं, द्या मी भरते. तर म्हणाला, तुम्ही लांब व्हा. चहा दिला तर नको. पाणीसुद्धा कधी प्याला नाही आमच्याकडे. मला त्याचा राग यायचा.

त्यानं एक गोष्ट सगळ्यांना बजावून सांगितली होती. विहिरीच्या पाण्यात काही आढळलं की सड्यावरचं काम त्या दिवशी बंद, आणि वाड्याला टँकरचं पाणी. मग काय चुकलं ते बघायचं, आणि नंतरच पुन्हा काम.

तो साहेब पुढं यायचा बंद झाला. पंचायतीत बैठक झाली. एका इस्तरीच्या शर्टातल्या माणसानं पडद्यावर चित्रं दाखवून सांगितलं की सरकारकडे माणसं कमी, म्हणून कामं अडतात. आता देखरेख खाजगी होणार. तपासणारी वेगळी कंपनी असेल, शिकलेली माणसं असतील, सगळं लवकर होईल. ती तपासणारी कंपनी कोण निवडणार, तिचं बिल कोण भरणार, हे एकानं विचारलं. साफ करणारी कंपनीच, असं उत्तर आलं. सगळीकडे असंच असतं म्हणाला. आम्ही चहा पिऊन घरी आलो. माझ्या डोक्यात एवढंच होतं की आणखी एक-दोन पानं वाढणार.

तसंच झालं. साफ करणारे आणि साफ झालं का बघणारे, दोघं माझ्याच पडवीत एका बाकावर जेवायला लागले.

बघणाऱ्यांचा जो माणूस इथं ठेवला होता त्याचं नाव महांतेश. बेळगावकडचा, बी.एस्सी. झालेला, लग्नाला मुली बघत असलेला. वाईट नव्हता. सारखा फोनवर असायचा. मला मावशी म्हणायचा. तिखट सोसायचा नाही, हुमण खाताना डोळ्यांतून पाणी काढायचा आणि म्हणायचा, "मावशी, असं जेवण घालून तुम्ही मला लग्नाआधीच मारणार."

आता इथून लिहायला जड जातं. पण लिहिते.

खड्डा पूर्ण उघडला त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. पिंपं कुजलेली होती, उचलताना फुटायची — हे कामगार जेवताना बोलायचे, मी ऐकायची. आणि एक दिवस बांयचं पाणी काढलं, घागर कमरेवर घेतली, आणि मला वास आला. फार नाही. कसला ते कळेना. दुसऱ्या दिवशीही आला. तिसऱ्या दिवशी मी भात बांयच्या पाण्यात घातलाच नाही.

आमच्या कुळागराच्या तळाशी, उताराच्या दुसऱ्या अंगाला एक झर आहे. खडकातून धार येते. पावसात बरी, उन्हाळ्यात करंगळीएवढी. एक घागर भरायला तिथं बसून राहावं लागतं. मी तिथलं पाणी आणायला लागले. खानावळीचं जेवण त्याच्यात, आमचं पिणं त्याच्यात. नवऱ्यानं विचारलं, एवढं उतरून कशाला जातेस? मी म्हटलं, झरीच्या पाण्यात डाळ लवकर शिजते. हे खरं आहे, शिजते. वाड्यातल्या बायकांनी विचारलं, त्यांनाही तेच सांगितलं.

म्हणजे मला कळलं होतं. मी स्वतः ते पाणी प्यायचं सोडलं, आणि बाकीच्यांना पिऊ दिलं. का? दोन कारणं. वास आहे म्हटलं असतं तर पाण्याची नीट तपासणी झाली असती, काम थांबलं असतं, माणसं गेली असती, पडवी रिकामी झाली असती. हे एक. दुसरं याहून लहान आहे, आणि मला त्याचीच जास्त लाज वाटते. सगळ्यांना कळलं असतं तर सगळ्या घागरी घेऊन झरीवर आल्या असत्या. आणि ती धार करंगळीएवढी.

महांतेशनं सुरुवातीला बाटल्या स्वतः भरल्या असतील. मग एकदा उन्हातून सड्यावरून आला, बाटल्यांची पेटी पायरीवर ठेवली आणि म्हणाला, "मावशी, तेवढ्या बांयच्या बाटल्या भरून ठेवा ना, मी तोवर जेवून घेतो." मी पेटी आत नेली. चुलीपाशी झरीच्या पाण्याची घागर होती. तिच्यातून भरल्या. घाई होती, हाताशी होतं ते ओतलं, असं म्हणता येईल. तसं नव्हतं. बांय दारात होती. मला कुठं जायला लागणार होतं?

पुढं तेच चालू झालं. तो जेवायचा, मी भरायची. त्यानं कधी मागं वळून बघितलं नाही. तुसडा साहेब मला आठवायचा. तुम्ही लांब व्हा, म्हणणारा.

आता प्रतिमाबद्दल.

शेजारचं घर माझ्या थोरल्या जाऊबाईंचं. शेवंती वहिनी. प्रतिमा त्यांची सून, पेडण्याकडची, मोरजीची. बापाचं किनाऱ्यापाशी छोटं दुकान. मुलगी हसरी, कामाला चटचटीत, आणि जरा तोंडाळ. मला काकी म्हणायची. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तिला दिवस गेले. पाणी न्यायला माझ्याच अंगणात यायची, सकाळची पहिली. एकदा बांयच्या कठड्यावर कळशी ठेवून ती तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "काकी, या पाण्याला वास येतो हो."

"कसला?"

तिनं पुन्हा वाकून हुंगलं. "नव्या चपलांचा खोका उघडल्यावर येतो ना, तसला."

इतके दिवस तो वास कसला ते मला कळत नव्हतं. तिनं बरोबर सांगितला. नव्या चपलांचा खोका. मी तिच्याकडे बघितलं. आजूबाजूला कुणी नव्हतं. ओतून टाक ते, आणि माझ्याबरोबर झरीवर चल — एवढंच म्हणायचं होतं. एक वाक्य. ती एकटीच तर होती, एका घागरीनं झर आटली नसती.

मी म्हटलं, "पोटुशी बाईला सगळ्याचाच वास येतो."

ती हसली. "तसंच असेल. मला तर सासूबाईंच्या तेलाचाही येतो. सांगू नका हां." आणि कळशी उचलून गेली.

पण ती गप्प बसणारी नव्हती. घरी बोलली, दारी बोलली. वहिनींना फार लागलं. घराण्याच्या बांयला कालची आलेली नावं ठेवते म्हणजे काय? अंगणात उभ्या राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "सुकटीच्या वासात वाढलेली पोर, आणि तिला आमच्या पाण्याचा वास येतो गो!" बायका हसल्या. मीही हसले.

तरी पुरुषांच्या मनात शंका राहिली. ते खानावळीत आले आणि महांतेशला धरलं. त्यानं फोनवर अहवाल काढून दाखवला. पाणी चांगलं आहे, सगळं मर्यादेत आहे. वाड्यातला एक म्हातारा गावकर होता, त्यानं विचारलं, "तुला पगार कोण देतो रे?"

"आमची कंपनी."

"आणि तुझ्या कंपनीला?"

महांतेशनं ताटाकडे बघितलं. "साफसफाईवाली कंपनी."

"म्हणजे नवऱ्यामुलाची चौकशी करायची ती नवऱ्यामुलाच्या मामाकडे!" सगळे खो खो हसले. महांतेशही हसला. पण हसून झाल्यावर गावकर म्हणाला, या कागदावर आपण पाणी प्यायचं नाही. सरकारी साहेबाला बोलवायचं तर तो आता येणार नाही. मग विचारायचं कुणाला? देवीला विचारू. कौल लावू.

बाहेरच्यांसाठी सांगते. आमच्याकडे कसलाही निर्णय अडला की देवीला कौल लावतात. गुरव देवीच्या पाषाणावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची पाकळी आधी पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. सोयरीक, जमीन, घराचा पाया — सगळं असंच ठरलेलं आहे. त्याच्यावर कुणी काही बोलत नाही.

ठरलं असं की ज्या पाण्याबद्दल विचारायचं ते पाणी देवीसमोर असायला हवं. बांय आमच्या अंगणातली, आणि तेव्हा मी सवाष्ण. म्हणून कळशी मी आणायची. सकाळी अंघोळ करून, ओलेत्यानं, वाटेत कुणाशी न बोलता.

मी तांब्याची कळशी घेतली. चिंचेनं घासून लख्ख केली होती. बांयपाशी गेले, दोर सोडला, पाणी वर काढलं. वास येत होता. मी कळशी भरलीसुद्धा. मग कठड्यापाशी ती ओतून टाकली आणि कुळागरात उतरले.

बरीच वर्षं मी स्वतःला सांगत आले की देवीसमोर नासकं पाणी कसं ठेवायचं, म्हणून मी चांगलं पाणी नेलं. पाहुण्यालासुद्धा आपण घरातलं बरं तेच देतो ना? ऐकायला बरं वाटतं. खोटं आहे. मला भीती वाटली होती की देवी खरं सांगेल. मला तिच्यावर विश्वास नसता तर मी बांयचंच पाणी नेलं असतं — पाकळी कुठलीही पडली असती, मला काय? विश्वास होता म्हणूनच फसवलं. असं कुणी केलेलं मी ऐकलेलं नाही.

झरीवर बसून मी कळशी भरेपर्यंत थांबले. धार बारीक होती. परत फिरायला वेळ होता. भरपूर वेळ होता.

देवळात सगळा वाडा जमला होता. प्रतिमाही आली होती, खांबाला टेकून बसली होती, पोट दिसायला लागलं होतं. मी कळशी देवीसमोर ठेवली. गुरवानं पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "आई, ही कळशी तुझ्यापुढं ठेवली आहे. हिच्यातलं पाणी तुझ्या लेकरांच्या तोंडी घालण्याजोगं असेल तर उजवी दे. नसेल तर डावी दे." सगळे म्हणाले, होय आई. मीही म्हटलं.

उजवी पडली. थांबावंही लागलं नाही फार.

देवी खोटं बोलली नाही. तिला कळशीतलं पाणी विचारलं होतं, तिनं कळशीतल्या पाण्याबद्दल सांगितलं. ते चांगलंच होतं. गुरवानं तेच पाणी सगळ्यांच्या हातावर तीर्थ म्हणून घातलं. प्रतिमानं हातावर घेतलं, प्याली, आणि माझ्याकडे बघून जरा ओशाळं हसली. म्हणजे माझंच चुकलं, काकी — असं.

त्या दिवसापासून वास कुणालाच येईना. खरंच येईना. ज्यांना थोडा थोडा यायचा तेही म्हणायला लागले की नाही येत. प्रतिमानं तोंड मिटलं. सकाळी यायची, पाणी काढायची, न्यायची. आधी ती बांयवर उभी राहून माझ्याशी बोलायची, ते बंद झालं. वहिनी तिला मुद्दाम माझ्यादेखत तांब्या भरून प्यायला लावायच्या. "पी. देवीनं पाठवलंय." आणि ती प्यायची. मी डाळ निवडत बसलेली असायची.

मूल मुदतीच्या आधी झालं. जिवंत नव्हतं. डॉक्टरांनी कारण सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही.

पाण्यानंच झालं का? मला माहीत नाही. वास यायला लागल्यावर बांयचं खरं पाणी कधी कुणी तपासलंच नाही, तर माहीत कसं होणार? ते माहीत होऊ नये याची व्यवस्था मीच केली होती. पुढं तिला परत दिवस गेले, तेव्हाही तसंच झालं, आणखी लवकर.

मग एके दिवशी तिचा बाप मोरजीहून रिक्षा घेऊन आला. वहिनींच्या ओसरीवर चार माणसं बसली. मला बोलावलं होतं, घरातली म्हणून. वहिनी म्हणाल्या, पोरीत दोष आहे. तो कशानं आला तेही माहीत आहे. देवीच्या पाण्याला नावं ठेवली, देवीनं दाखवलं. बाप टोपी हातात घेऊन बसला होता. तिचा नवरा, माझा पुतण्या, खाली बघत होता. प्रतिमा दारात उभी होती, हातात पिशवी. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. "खरं की नाही गो, सुमन? कळशी तूच नेली होतीस."

सगळे माझ्याकडे बघत होते. प्रतिमाही बघत होती. आपली बाजू घेईल अशा आशेनं नाही. नुसती बघत होती, काकी काय म्हणते ते ऐकायला.

मी म्हटलं, "खरं."

कुणालाच सांगितलं नाही म्हटलं ते हे. कळशीपेक्षा हे. बाटल्यांपेक्षा हे. कळशी नेताना मी घाबरले होते असं म्हणता येईल. बाटल्या भरताना पोटासाठी केलं असं म्हणता येईल. ओसरीवर मला कुणाची भीती होती? सड्यावरचं काम तोवर संपत आलं होतं. खानावळीतली माणसं अर्धी गेली होती. वाचवायला काही उरलंच नव्हतं. आणि तरी मी म्हटलं, खरं. एवढी सवय झाली होती.

ती रिक्षात बसली. मी घरी येऊन दुपारचा भात घातला. मला रडू आलं नाही, भूकही होती. जेवले.

काम संपलं. सड्यावर गवत लावलं, कुंपण घातलं, जागा सुरक्षित झाल्याचा फलक लावला. त्याच्यासाठी लागणाऱ्या कागदांत आमच्या बांयचे अहवालही असणार, सगळे चांगले. महांतेश जाताना माझ्या पाया पडला. लग्नाची पत्रिका दिली. मी त्याला खोबऱ्याच्या वड्या बांधून दिल्या. त्याला कधी कळलं नाही, की कळूनही जेवायला बसत होता? मी विचारलं नाही. आम्ही दोघांनी एकमेकांचं बरं सांभाळलं.

पुढं नळ आले. सगळ्यांच्या घरात आले तशी बांय मागं पडली. तिच्यावर जाळी टाकलीय, आत पानं पडलेली असतात. वहिनी गेल्या. पुतण्यानं दुसरं लग्न केलं, त्याला दोन मुलगे आहेत. ते नळाचं पाणी पिऊन वाढले. वहिनी शेवटपर्यंत सांगायच्या, बघा, दोष तिच्यातच होता.

दोष तिच्यात नव्हता. नाक तेवढं तिचं चांगलं होतं.

गेल्या वर्षी माझा नवरा वारला. माणसं भेटायला येत होती. एका दुपारी अंगणात एक बाई उभी राहिली, चष्मा लावलेली, अंगानं भरलेली. मी ओळखलं नाही. "काकी," म्हणाली, तेव्हा ओळखलं. वर्तमानपत्रात वाचून आली होती. मोरजीला बापाचं दुकान तीच चालवते. परत लग्न केलं नाही. का ते मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. काका चांगले होते म्हणाली. त्यांनी तिला बाजारात एकदा बांगड्या घेऊन दिल्या होत्या, कुणाला सांगितलं नव्हतं, म्हणाली. मला ते माहीत नव्हतं.

उन्हातून आली होती. मी उठून तिला पाणी आणलं, काचेच्या पेल्यात, आम्ही त्याला कोप म्हणतो.

प्यायच्या आधी तिनं कोप नाकापाशी नेला. तिला स्वतःला कळलंही नसेल, सवयीनं नेला. मग थांबली. माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. बाहेर जाळी टाकलेली बांय दारातून दिसत होती.

"आता येत नाही वास," ती म्हणाली.

मी म्हटलं, "नाही."

तेव्हाही एवढंच म्हटलं. घरात आम्ही दोघीच होतो. वहिनी नाहीत, नवरा नाही, खानावळ नाही. कुणाच्या भीतीनं? ती पाणी प्याली, सगळं प्याली, कोप खाली ठेवला. पदरानं तोंड पुसलं. पेडण्याची गाडी चुकेल म्हणून उठली. मी तिला पायरीपर्यंत सोडायला गेले. अंगणात तिनं बांयकडे मान वळवली नाही.

घरात नळ आहे. पण मी पिते ते अजून झरीचंच. गुडघे दुखतात तरी उतरून आणते. तिला दिलं ते तेच.

झरीचं पाणी मी प्रतिमाला त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या हातानं दिलं.